नाकासमोर पाहणारे डॉक्टर

त्यांना फोन करायचा म्हणजे आमच्याकडचे लोक आधी नाक शिंकरून घ्यायचे. नाटकाची तालीम किती वाजता आहे एवढंच विचारायचं असलं तरी. कारण पलीकडून 'हॅलो' नाही, 'कोण बोलतंय' नाही, आपलं पहिलं वाक्य संपायच्या आत आवाज यायचा, "डावी बाजू बंद आहे. कधीपासून?"

डावी की उजवी हे फोनवर आवाजावरून कळूच शकत नाही, असं मला पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांनी सांगितलं. मी ते यांना ऐकवलं, तर हे अजिबात ओशाळले नाहीत. म्हणाले, "नाहीच कळत. पण डावी म्हटलं की माणूस लगेच बोट लावून पाहतो. तेवढा वेळ तरी त्याचं स्वतःच्या नाकाकडे लक्ष जातं. एरवी कोण पाहतंय?"

ऐंशीच्या दशकातलं शिकागोजवळचं नेपरव्हिल म्हणजे मक्याची शेतं संपून नवी घरं सुरू होत होती तो काळ. मराठी घरं इतकीच, की सगळी मिळून एकाच्या बेसमेंटमध्ये दिवाळीला मावायची. त्यात हे एकटे कान-नाक-घसा डॉक्टर, मूळचे नागपूरचे. वय साठीकडे झुकलेलं, अंगानं काटकुळे, आणि स्वतःचं नाक असं की ते आधी दारात यायचं आणि मागाहून डॉक्टर. हिवाळ्यात थ्री-पीस सुटावर माकडटोपी घालून हॉस्पिटलात जायचे. मोठी माणसं त्यांना डॉक्टरकाका म्हणायची. इथे जन्मलेली मुलं 'नोज अंकल' म्हणायची, तोंडावर. त्यांना ते आवडायचं.

कानाचं आणि घशाचं काम ते करायचे, पण नाइलाजानं. कुणी कान दाखवायला गेलं की पटकन पाहून "ठीक आहे, ठीक आहे" म्हणत हळूच नाकाकडे वळायचे.

त्यांच्या घरात कार्पेट नव्हतं. आज यात काही वाटणार नाही, पण तेव्हा आमच्या सगळ्यांच्या घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत पावलं बुडतील असं कार्पेट असायचं आणि अमेरिकेत आल्यासारखं वाटायला तेच तर हवं असायचं. यांनी नवं घर घेतलं आणि पहिल्याच शनिवारी सुरी घेऊन सगळ्या खोल्यांतलं कार्पेट कापून बाहेर फेकलं. शेजारच्या गोऱ्या बाईंना वाटलं, आत पाइप फुटला. काकू, म्हणजे त्यांची बायको, हे सांगताना नेहमी म्हणायच्या, "मी माहेरी फोन करून सांगितलं, घर मोठ्ठं आहे, पण फरशी शोधतायत."

शिवाय हीटरची गरम कोरडी हवा नाकाला वाईट, म्हणून जमिनीतल्या प्रत्येक झरोक्याजवळ पाण्यानं भरलेला ट्रे. त्यांच्याकडे जेवायला गेलेल्या माणसाचा एक तरी मोजा ओला होऊनच तो परत यायचा. काकूंनी दाराशी पाहुण्यांसाठी कोरड्या मोज्यांची टोपली ठेवली होती.

आणि किटल्या. शनिवारी सकाळी ते गाडी घेऊन गराज सेल, म्हणजे लोकांनी घरासमोर मांडलेले जुन्या सामानाचे बाजार, धुंडायचे. तिथे लोक मासे पकडायच्या काठ्या, सायकली, टेबलं घ्यायचे. हे चहाच्या छोट्या चोचीवाल्या किटल्या घ्यायचे. फुलांच्या, निळ्या, एखादी झाकण फुटलेली. त्या घरी आणून उकळायच्या आणि पेशंटांना वाटायच्या. उकळून गार केलेलं पाणी, त्यात मीठ, बेसिनवर मान तिरकी, एका नाकपुडीत किटलीची चोच, पाणी दुसरीकडून बाहेर. कुणी कौतुकानं म्हणालं, "वा, म्हणजे जलनेती!" तर चिडायचे. "योगबिग काही नाही. प्लंबिंग आहे. सिंक तुंबला तर तू प्राणायाम करतोस का?"

माझी आणि त्यांची ओळख झाली ती एका क्लॉझेटमध्ये, म्हणजे कोट टांगायच्या खोलीवजा कपाटात.

आम्ही नवीन होतो. नवरा एका लॅबमध्ये इंजिनियर, मी घरी, लेक तीन वर्षांची. अमेरिकेत आल्यापासून मला सर्दी होती. म्हणजे मी तिला सर्दी म्हणत होते. कपाळ जड, गाल दुखतात, घशात सतत काहीतरी उतरतंय, आणि पदार्थांना चव नाही. बर्फ आहे, चालायचंच, असं मी धरून चालले होते. पर्समध्ये औषधाच्या दुकानातला नाकाचा स्प्रे होता. तो मारला की दोन तास नाक मोकळं, मग पुन्हा बंद, मग पुन्हा स्प्रे.

दिवाळीच्या पार्टीत मी कोपऱ्यात जाऊन स्प्रे मारत होते, तेवढ्यात मागून कुणीतरी माझ्या हातातून बाटली काढून घेतली.

"किती दिवस चालू आहे?"

"कोण तुम्ही?"

"ते जाऊ दे. दिवसातून किती वेळा?"

मी काहीतरी आकडा पुटपुटले. त्यांनी बाटली स्वतःच्या कोटाच्या खिशात टाकली. "हे नाक उघडत नाही. नाकाला लाच देतं. लाचेची सवय लागली की मग नाक लाच घेतल्याशिवाय उघडत नाही. चल."

"कुठे?"

"अंधारात."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो आणि आजूबाजूचे चारजण हसत होते. त्यांना सवय होती. डॉक्टरांनी मला कोटांच्या क्लॉझेटमध्ये नेलं, आतून दार लावलं आणि खिशातून पेनाएवढा टॉर्च काढला. त्याच्यावर प्लास्टिकची स्वच्छ टोपी चढवली. "तोंड उघड, हा आत धर आणि ओठ मीट."

मी लोकांच्या जड लोकरी कोटांमध्ये अडकून उभी, तोंडात दिवा. निरोगी माणसाच्या गालातून अशा वेळी लाल उजेड दिसतो, कारण गालाच्या हाडाच्या आत हवेची पोकळी असते. ती पोकळी भरली असली की उजेड येत नाही.

"उजव्या गालाला दिवाळी," डॉक्टर अंधारातून म्हणाले, "आणि डाव्याला अमावास्या."

माझ्या तोंडात दिवा असल्यामुळे दोन्ही एकाच दिवशी असतात हे मला सांगता आलं नाही.

दाराबाहेरून काकूंचा आवाज आला. "अहो, सोडा तिला. पुऱ्या गार होताहेत."

"हिला पुऱ्यांची चव येत नाही," डॉक्टर आतून ओरडले. आणि ते खरं होतं. मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. वास येत नाही हे कळायलाही वेळ लागतो. आधी वाटतं, इथली कोथिंबीरच अशी, इथले आंबेच असे.

"सोमवारी क्लिनिकला ये," ते म्हणाले. मी 'हो' म्हटलं आणि गेले नाही. नवा स्प्रे आणला.

नंतर जे झालं ते मार्चमधल्या एका दुपारी झालं. गॅसवर दूध ठेवून मी बाहेरच्या खोलीत लेकीला गोष्ट वाचून दाखवत होते. दूध उतू गेलं, ज्योत विझली, गॅस चालू राहिला. इथल्या सगळ्या खिडक्या थंडीमुळे घट्ट बंद. डोकं दुखत होतं, पण ते रोजच दुखायचं. लेक म्हणाली, "मम्मा, स्टिंकी." मी म्हटलं, "हो, हो," आणि पान उलटलं.

शेजारची बाई केकचं रिकामं भांडं परत द्यायला आली. मी दार उघडलं आणि तिचा चेहरा बदलला. ती मला ढकलून आत शिरली, बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, लेकीला उचललं आणि आम्हाला दोघींना बर्फात पायमोज्यांवर उभं केलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुला वास नाही आला?" ती रागावली नव्हती. तिला खरंच समजत नव्हतं.

मी डॉक्टरांना फोन केला. गॅस, लेक, वास नाही, एवढंच कसंबसं सांगितलं. पलीकडून डावी-उजवी काही ऐकू आलं नाही. ते फक्त म्हणाले, "पत्ता सांग."

अर्ध्या तासात आले, माकडटोपीसकट. आधी लेकीला तपासलं, मग मला. मग टोपी काढली आणि हात-गुडघ्यांवर बसून आमच्या कार्पेटचा वास घेतला. "हे काढा."

"भाड्याचं घर आहे, डॉक्टरकाका," नवरा म्हणाला.

"मग गाद्या-उशांना प्लास्टिकची खोळ घाला, चादरी उकळत्या पाण्यात धुवा. धुळीतले किडे असतात, दिसत नाहीत. आणि तो स्प्रे कुठाय? दुसरा आणला असशील ना?" मी मुकाट्यानं काढून दिला. त्यांनी एक शब्दही ऐकवला नाही. जाताना गाडीतून निळ्या फुलांची किटली आणून ओट्यावर ठेवली.

पुढचे काही महिने माझे बेसिनपाशी गेले. रोज मिठाचं पाणी, सूज उतरवणारा दुसरा, सावकाश काम करणारा स्प्रे, लांबलचक अँटिबायोटिक, ॲलर्जीची इंजेक्शनं. डोकं हलकं झालं, रात्रीची झोप लागायला लागली. पण वास काही येईना. शेवटी त्यांनी मला सीटी स्कॅनला पाठवलं. तेव्हा सायनससाठी सीटी काढणं नवीनच होतं. बहुतेक जण साध्या एक्स-रेवर भागवायचे.

फिल्म घेऊन मी त्यांच्या घरी गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीला फिल्म लावून ते पाहत राहिले. काकूंनी चहा ठेवला, तो त्यांनी उचलला नाही.

"ऑपरेशन करावं लागेल ना?" मी विचारलं.

"हो."

"मग करा."

"मी तुला हात लावणार नाही."

मला वाटलं, थट्टा. पण ते खुर्चीवर बसले आणि टेबलावरच्या रुमालाची घडी करत बोलायला लागले. "मी आयुष्यभर जे ऑपरेशन करत आलो, त्यात वरचा ओठ उचलून गालाचं हाड फोडतात, आतलं सगळं खरवडतात, आणि खाली नाकात एक भोक पाडतात. काहून खाली? पाणी खाली वाहतं म्हणून. आता युरोपातले काही डॉक्टर म्हणतात, पोकळीचं स्वतःचं दार वर असतं, आणि आतले बारीक केस सगळी घाण ढकलत त्या वरच्याच दाराकडे नेतात. खाली कितीही मोठं भोक पाडा, ते तिकडे पाहतही नाहीत. बारीक दुर्बीण नाकातून घालायची, वरचं दार मोकळं करायचं, आणि बाकी काही खरवडायचं नाही. बास. मी आधी हसलो होतो. मग जाऊन पाहिलं."

"आणि?"

"आणि त्यांचं बरोबर आहे."

"मग तुम्ही तेच करा ना."

"मला येत नाही," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी याआधी कधी उच्चारलं असेल असं वाटत नव्हतं. काकूंनी शेगडीपासून मागे वळून पाहिलं. "त्या वरच्या दाराच्या एका बाजूला डोळा आहे, वर मेंदू. तुझ्यावर शिकणार नाही मी. शिकागोत एक पोरगी आहे, तिकडे युरोपात जाऊन शिकून आलीय. तिच्याकडे जाऊ."

'जाऊ' म्हणाले आणि खरंच आले. नवरा, मी आणि डॉक्टर, आम्ही तिघं ट्रेननं गेलो. गाडी चालवताना त्यांना दुसऱ्यांच्या हॉर्नपेक्षा दुसऱ्यांच्या शिंका जास्त ऐकू यायच्या, त्यामुळे काकू त्यांना शहरात गाडी नेऊ देत नसत. सर्जन बाई डॉक्टरांच्या स्वतःच्या मुलीपेक्षाही लहान, लाल केसांची, हसरी. डॉक्टर तिला पहिल्या मिनिटापासून 'मॅडम' म्हणायला लागले. ती संकोचली, पण त्यांनी ऐकलं नाही.

ऑपरेशन मला जागी ठेवूनच झालं. नाकात औषधात भिजवलेल्या कापसाच्या पट्ट्या, शिरेतून थोडी गुंगी. डॉक्टरांना आत उभं राहून पाहायची परवानगी मिळाली होती, हात लावायची नव्हती. ते माझ्या डोक्याशी उभे राहिले. डोळ्यांवर कापड होतं, त्यामुळे मला फक्त आवाज येत होते.

"आता कडकड वाजेल," ते मराठीत म्हणाले. "घाबरू नको. अंड्याच्या टरफलाएवढं पातळ हाड असतं."

वाजलं. आपल्याच डोक्याच्या आत कुणी पापड मोडतंय असं वाटलं.

"तिला काय सांगितलंत?" सर्जन बाईंनी इंग्रजीत विचारलं.

"तुम्ही फार छान काम करताय, असं."

मग त्यांचे प्रश्न सुरू झाले. हे काहून ठेवलं, ते काहून काढलं, इथून डोळा किती लांब, दुर्बीण तिरकी धरली तर काय दिसतं. पहिल्या वर्षाच्या मुलासारखे. बाई न कंटाळता उत्तरं देत होत्या. मध्येच त्या म्हणाल्या, "या, तुम्हीच बघा." त्यांनी दुर्बीण जागच्या जागी धरून ठेवली, बाजूला सरकल्या, आणि डॉक्टरांनी वाकून डोळा लावला. त्यांचा श्वास माझ्या कपाळाला लागला.

"अरे बाप्पा," ते हळूच म्हणाले. "हे इथे होतं होय."

तेवढंच. पण त्या आवाजात आनंद होता की आणखी काही, हे मला तेव्हा कळलं नाही.

त्यानंतर आठवड्याला एकदा ते क्लिनिकमध्ये माझं नाक साफ करायचे. खपल्या काढताना माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं, आणि ते मला नागपूरच्या उन्हाळ्याच्या गोष्टी सांगायचे. प्रत्येक वेळी शेवटी एक लहान बाटली नाकाशी धरायचे. कॉफी, लवंग, कधी व्हिनेगर. "येतो?" "नाही." "बरं. पुढच्या वेळी."

मग पुढच्या वर्षीच्या जूनमधली ती संध्याकाळ. आम्ही कुणाकडून तरी घरी परतत होतो, दोन्ही बाजूंना शेतं, खिडक्या उघड्या. नवरा एकदम "शी!" म्हणून घाईघाईनं काच वर करायला लागला. मागून लेक किंचाळली, "स्कंक! स्कंक!" रस्त्यात कुठेतरी स्कंक, म्हणजे दुर्गंधी फवारणारा तो मांजराएवढा काळा-पांढरा प्राणी, मेला होता. ज्यांनी तो वास घेतलेला नाही त्यांना सांगून उपयोग नाही. जळकं रबर, सडका लसूण आणि त्याहूनही वाईट असं काहीतरी.

आणि मला तो आला.

"काच खाली कर," मी म्हटलं.

"वेडी आहेस का?"

"खाली कर! गाडी थांबव!"

मी रस्त्याच्या कडेला उतरून उभी राहिले आणि छाती भरून तो घाणेरडा वास घेतला. पुन्हा घेतला. नवरा नाकाला रुमाल लावून माझ्याकडे बघत होता. मग त्याला कळलं आणि त्यानं रुमाल काढला. लेक आत बसून ओरडत होती, "मम्मा, इट्स ग्रोस! व्हाय आर यू क्राइंग?"

घरी जाऊन फोन लावला. "डॉक्टरकाका, स्कंक!"

पलीकडे रिसीव्हर टेबलावर आपटला. मग ते काकूंना ओरडून सांगताना ऐकू आले, "अगं, हिला स्कंक आला! स्कंक आला हिला!" आणि काकू, "अरे देवा, कुठे चावला?"

यानंतर खरं तर त्यांनी खूश असायला हवं होतं. पण माझ्या पुढच्या भेटीत ते गप्प गप्प वाटले. काकूंनी मला नंतर सांगितलं, की ते स्वतः दुर्बिणीचं शिक्षण घ्यायला लागले होते. महिन्यातून दोनदा शिकागोला जायचे, आपल्या निम्म्या वयाच्या मुलांबरोबर बाकावर बसायचे. त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. त्यांना खात होतं ते वेगळंच. ज्यांना इतकी वर्षं खालचं भोक पाडून दिलं, त्यातले कितीतरी जण अजून तसेच गाल दाबत फिरत होते.

त्यांनी ठरवलं, त्या सगळ्यांना फोन करायचे. एकेकाला, स्वतः.

क्लिनिकमध्ये त्यांचा एक तरुण भागीदार होता. त्याचा आवाज मी एकदा बाहेर बसून ऐकला; दार बंद होतं, तरी ऐकू येत होतं. तो म्हणत होता, ते ऑपरेशन तेव्हा सगळा देशच करत होता, आपली चूक नाही, मग आपण होऊन कबूल कशाला करायचं? उद्या दारात वकिलांची रांग लागेल. त्याचंही खोटं नव्हतं. त्या वर्षांत इथले डॉक्टर वकिलांना साथीच्या रोगासारखे घाबरायचे.

"येऊ देत," आमचे डॉक्टर म्हणाले. "वकिलालाही नाक असतं."

भागीदार वर्षअखेरीला वेगळा झाला. डॉक्टरांनी फोन चालूच ठेवले. काहींनी ऐकून घेतलं आणि काही न बोलता ठेवून दिला. एका बाईनं शिव्या दिल्या. त्यांनी सगळ्या ऐकल्या, आणि शेवटी तिला म्हणाले, की आवाजावरून तुमची डावी बाजू बंद वाटते, तपासून घ्या. काकू त्या दिवशी त्यांच्यावर खरोखर रागावल्या.

मी शेवटच्या तपासणीला गेले त्या दिवशी वेटिंग रूममध्ये एक थोराड म्हातारा बसला होता. शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, असं त्यानं मला आपणहून सांगितलं. डॉक्टर स्वतः बाहेर आले. नर्सला न पाठवता स्वतः. त्याला आत बोलवायच्या ऐवजी तिथेच त्याच्यासमोरच्या खुर्चीवर बसले. मी उठून जायला लागले तर हातानं 'बस' म्हणाले.

"मी तुमचं दोनदा ऑपरेशन केलं," ते म्हणाले. "दोन्ही वेळा दार चुकीच्या जागी केलं. तेव्हा मला तेच बरोबर वाटत होतं. आता कळलंय की नव्हतं."

म्हातारा खुर्चीत पुढे सरकला. "म्हणजे दोन्ही वेळा चुकलात?"

"दोन्ही वेळा."

"आणि आता?"

"आता बरोबर जागा कुठली ते माहीत आहे. माझ्याकडे नको असेल तर शिकागोच्या मॅडमकडे पाठवतो. त्या माझ्यापेक्षा चांगल्या आहेत."

म्हातारा थोडा वेळ मिशीवरून बोट फिरवत राहिला. बाहेर कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, तिचा आवाज येत होता.

"तुमच्या आधीच्या डॉक्टरनं मला सांगितलं होतं, की हे सगळं माझ्या मनात आहे," तो शेवटी म्हणाला. "त्याच्या आधीच्यानं सांगितलं, सिगरेट सोड. मी कधी ओढलीच नव्हती."

मग तो हळूहळू उठला. आत जाऊन तपासणीच्या खुर्चीत बसला, मान मागे टाकली आणि डोळे मिटून घेतले. डॉक्टर अजून बाहेर तसेच बसलेले होते.

"येताय ना?" आतून आवाज आला.